पहिल्या हरणावरचा बाण पोटात का लागला आणि माग का हरवला

ठाण्याच्या वर्तकनगरात वाढलेल्या आणि सध्या मिशिगनमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी ते धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी झाडावरच्या मचाणावर, जमिनीपासून सुमारे सहा मीटर उंचीवर बसले होते. 28 यार्डांवर हरणाची एक मादी चरत आली आणि त्यांच्या दिशेने तिरके तोंड करून उभी राहिली. त्यांनी धनुष्य ओढले, तेवढ्यात तिने मान वर केली. हात थरथरू लागल्यावर त्यांनी बाण सोडला. बाण बरगड्यांच्या मागच्या बाजूने बाहेर पडला, मादीने पाठीची कमान केली आणि शेपूट दाबून ती चालत झुडपात गेली. दहा मिनिटांत ते खाली उतरले. बाणावर काळपट रक्त आणि हिरवट मळ होता. बॅटरीच्या उजेडात माग काढत ते निघाले, शंभरेक पावलांवर ती झुडपातून उठून पळाली, आणि त्यानंतर रक्ताचा एकही थेंब दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मित्रांसह शोधूनही ती सापडली नाही. साइटची पिन (नेम धरण्यासाठी धनुष्यावर बसवलेली खूण) चुकीची बसवली होती का, 60 ऐवजी 70 पौंडांचे (ओढायला तेवढा जोर लागणारे) धनुष्य घ्यावे का, आणि हा नाद सोडून द्यावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात धनुर्विद्या शिकवतो. त्याआधी बरीच वर्षे मिशिगनमध्येच नोकरीला होतो आणि तिथल्या रीतसर परवान्यावर व्हाइटटेल हरणांची धनुष्याने शिकार करत होतो. त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे. तुम्ही ठाण्यात टार्गेटवर शिकलात आणि तिथे जाऊन जनावरासमोर उभे राहिलात. माझ्या मते तुमची चूक या दोहोंमधल्या अंतरात झाली आहे, साइटच्या पिनमध्ये नाही.

आधी बाणाचे पाहू. तुम्ही लिहिले आहे की पिन पुढच्या फऱ्याच्या लगेच मागे धरली होती. मादी पूर्ण आडवी उभी असती, तर ही जागा बिनचूक होती. ती तिरकी, तुमच्याकडे छाती करून उभी असल्यामुळे त्याच जागेतून शिरलेला बाण शरीरात मागच्या दिशेने जातो. जवळच्या फुप्फुसाची कड, मग यकृत किंवा जठर, आणि पलीकडच्या बाजूने पोटातून बाहेर. म्हणजे बाण कदाचित तुम्ही धरला होता तिथेच, किंवा त्याच्या अगदी जवळ लागला असावा. कागदी टार्गेट हा पृष्ठभाग असतो, त्यावर बिंदू साधला की काम झाले. जनावराच्या बाबतीत बाण कुठे शिरतो याइतकेच तो कुठून बाहेर पडणार हे महत्त्वाचे असते, कारण मधली रेषा कोणत्या अवयवांतून जाते यावर सगळे ठरते. म्हणून जाणते शिकारी नेम शिरण्याच्या जागेवर धरण्याआधी पलीकडच्या पुढच्या पायाकडे मनाने रेषा ओढतात. आडवे उभे असलेले हरीण किंवा तिरके पाठमोरे, म्हणजे तोंड आपल्यापासून दूर वळलेले हरीण, या दोनच स्थितींत ती रेषा दोन्ही फुप्फुसांतून सहज जाते. समोरून तिरके, थेट समोरून, आणि मचाणाच्या अगदी पायथ्याशी आलेले, या तिन्ही स्थितींत नवशिक्याने बाण सोडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. पायथ्याशी आलेले हरीण जवळ असल्यामुळे सोपे वाटते. पण इतक्या उभ्या कोनात बाण बहुधा एकाच फुप्फुसातून जातो, आणि एका फुप्फुसावर हरीण फार दूर जाऊ शकते.

यामागचे कारण समजून घ्यावे. बंदुकीच्या गोळीचा धक्का आणि तिने केलेली ऊतींची नासधूस मोठी असते. बाण तसे काही करत नाही. तो पात्याने कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसे कापली गेली, तर हरीण बहुतेक वेळा काही सेकंदांतच, शंभर-दीडशे यार्डांच्या आत कोसळते. पोटात लागलेला बाणही प्राणघातकच असतो, फक्त त्याला कित्येक तास लागतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. 60 पौंडांच्या कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याने, धारदार पाते असताना, 28 यार्डांवर बाण हरणाच्या आरपार जातो. तुमचाही गेलाच होता. 70 पौंडांनी तो त्याच चुकीच्या रेषेतून थोडा अधिक वेगाने गेला असता. उलट जड धनुष्य ओढताना अंगाची हालचाल वाढते आणि थंडीत आखडलेल्या खांद्यांना ते जमतही नाही. माझे मत विचाराल तर बसल्या जागेवरून, जाड जाकीट घालून, हात आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढता येईल तेवढेच वजन ठेवावे.

आता मान वर करण्याविषयी, कारण तुम्ही तो तपशील जाता जाता लिहिला आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. 28 यार्ड म्हणजे साडेपंचवीस मीटर. तुमच्या बाणाचा वेग सेकंदाला 85 मीटर धरला, तर त्याला पोहोचायला सुमारे 0.30 सेकंद लागतात. सुटलेल्या प्रत्यंचेचा आवाज मात्र सेकंदाला 340 मीटर वेगाने जातो आणि 0.08 सेकंदाच्या आत हरणाच्या कानांवर पडतो. उरलेल्या वेळात निर्धास्त चरणारे हरीण बहुधा काहीच करत नाही. सावध झालेले हरीण मात्र पळण्यासाठी पाय दुमडून अंग खाली सोडते, आणि नुसत्या गुरुत्वाकर्षणानेही 0.15 सेकंदात शरीर सुमारे 11 सेंटिमीटर खाली येते. त्यातच ते वळले किंवा एक पाऊल पुढे टाकले, तर हिशेब आणखी बिघडतो. साध्या चालीने, सेकंदाला एक मीटर म्हटले तरी, बाण पोहोचेपर्यंत हरीण 30 सेंटिमीटर पुढे सरकते आणि फुप्फुसावर धरलेला बाण पोटात लागतो. हरणाच्या मर्मस्थानाची रुंदी साधारण 20 ते 25 सेंटिमीटरच असते. तुमच्या मादीने मान वर करून कान तुमच्याकडे वळवले, त्या क्षणी ती संधी संपलेली होती, जरी ती अजून समोर उभी होती.

मग तुम्ही बाण का सोडला? कारण हात थरथरत होते, आणि ओढलेले धनुष्य न सोडता खाली घेण्याची सवय तुमच्या अंगात नव्हती. इथे दोष तुमच्यापेक्षा आम्हा शिकवणाऱ्यांकडे अधिक येतो. स्पर्धेच्या एकास एक सामन्यात एका बाणाला 20 सेकंद मिळतात. न सोडलेला बाण म्हणजे शून्य गुण. आम्ही मुलांना ओढा, अँकर घ्या (ओढलेला हात जबड्याशी ठरलेल्या जागी टेकवा), सोडा अशा लयीत घडवतो, आणि ते योग्यच आहे. बर्लिनला 2023 च्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, त्यामागे हीच घोटीव लय होती. मात्र शिकारीत कोणतेही घड्याळ चालू नसते. तिथे नकार देणे हेच कौशल्य आहे, आणि कौशल्य असल्यामुळे त्याचा सराव करावा लागतो. पूर्ण ओढलेले कंपाउंड धनुष्य लेट-ऑफमुळे, म्हणजे ओढीच्या शेवटी चाके जोर कमी करतात त्यामुळे, हलके वाटते, 60 पौंडांच्या धनुष्यावर 80 टक्के लेट-ऑफ असेल तर हातावर 12 पौंडच राहतात. पण परत उतरवताना कॅमचा (धनुष्याच्या चाकाचा) उंचवटा ओलांडताच सगळे वजन एकदम हातावर येते आणि अंगाला झटका बसतो. हा झटका न दिसू देता धनुष्य उतरवणे सरावाशिवाय जमत नाही. माझ्या सल्ल्याने पुढचा महिनाभर दर चार ओढींपैकी एक ओढ बाण न सोडता उतरवावी, आणि कोणती ते ओढल्यानंतर ठरवावे. शक्य असल्यास शेजारी उभ्या मित्राने ऐन वेळी सांगावे. मात्र हे करताना बाण लावलेला असावा आणि समोर टार्गेट असावे. बाणाविना सुटलेली प्रत्यंचा कंपाउंडचे अवयव मोडू शकते आणि चेहऱ्याला इजा करू शकते. ठाण्यातली मंडळी इमारतीच्या गच्चीवर असला सराव करण्याचा विचार करतात, म्हणून सांगून ठेवतो की गच्चीवर बाण लावायचाच नाही, म्हणजे हा सरावही तिथे करायचा नाही.

ओढण्याची वेळही याच विषयात येते. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाहीत, पण हालचाल ते फार पटकन टिपते. म्हणून त्याचे डोके झाडामागे गेले, मान खाली गेली किंवा ते दुसरीकडे पाहत असले, तेव्हाच धनुष्य ओढावे, आणि ओढण्याआधी ते कोणत्या मोकळ्या जागेत आडवे येणार याचा अंदाज घेतलेला असावा. तुम्ही ती समोर उभी असताना ओढले. तुमची हालचाल दिसल्यामुळेच तिने मान वर केली असावी.

साइटची पिन तपासायला हरकत नाही, पण सरावाच्या टोकांनी नव्हे. ब्रॉडहेडची (शिकारीच्या धारदार टोकाची) पाती बाणाच्या पुढच्या टोकाला छोट्या पंखांसारखी वारा धरतात, त्यामुळे तेच धनुष्य सरावाच्या टोकांनी आणि ब्रॉडहेडने वेगवेगळ्या जागी मारू शकते. दोन्हींचे बाण एकाच ठिकाणी पडेपर्यंत धनुष्य जुळवून घ्यावे. उंचीवरून मारताना अंतराची वजाबाकी करावी लागते असे बरेच जण सांगतात. सहा मीटर उंची आणि 18 मीटर आडवे अंतर असेल, तर डोळ्यांच्या रेषेतले अंतर 19 मीटर येते, म्हणजे फरक जेमतेम एका मीटरचा. त्याची चिंता नको. खरी गफलत शरीराची होते. खाली मारताना नुसते हात खाली केले की खांदा आणि पाठ यांची जुळणी मोडते आणि बाण भरकटतो; आधी सरळ उभे राहून अँकर घ्यावा आणि मग कमरेतून वाकावे. आणि कमरेतून वाकण्यासाठी अंगावर पट्टा असायलाच हवा. मचाणावरून पडणे हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे. जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत पट्टा झाडाला बांधलेला असावा.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. बाण चुकीचा लागणे हे अनुभवी माणसाच्या हातूनही होते. तसे कधी झाले नाही असे म्हणणारा एकतर फार थोडा शिकारीला गेलेला असतो किंवा खोटे बोलतो. पण बाण लागल्यानंतरचे तास संपूर्णपणे तुमच्या हातात होते, आणि तुम्हाला लागणारी सगळी माहिती हरणाने आणि बाणाने दिली होती. पाठीची कमान करून, शेपूट दाबून, सावकाश चालत जाणे ही पोटात लागल्याची ठळक खूण आहे. फुप्फुसात किंवा हृदयात लागलेले हरीण बहुधा उसळी मारून, बेभान पळत सुटते. बाणावरचे रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर ते फुप्फुसाचे. गडद लाल असेल तर यकृताचे किंवा स्नायूचे. हिरवट-तपकिरी मळ आणि दुर्गंधी असेल तर जठर किंवा आतडी फाटली आहेत. बाणाचा वास घेणे किळसवाणे वाटते, तरी घ्यावा. तुमच्या बाणावर काळपट रक्त आणि हिरवट मळ दोन्ही होते, म्हणजे यकृत आणि पोट दोन्हींना लागले असण्याची शक्यता मोठी होती.

असे हरीण, कोणी पाठलाग केला नाही, तर फार दूर जात नाही. दोनेकशे यार्डांच्या आत दाट झुडपात बसते आणि बहुधा तिथेच मरते. फुप्फुसाला लागल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबावे, यकृताला लागले असेल तर चार तास, आणि पोटाला लागले असेल तर किमान आठ ते बारा तास. तुमची मादी शंभर पावलांवरच बसलेली होती, याचा अर्थ ती नेमके तेच करत होती. दहाव्या मिनिटाला तुम्ही तिला उठवलेत. भीतीने उठलेले जखमी हरीण मैलभरही जाते, आणि पोटाच्या जखमेतून रक्त बाहेर कमी येते, कारण चरबी आणि आतडी छिद्र बुजवतात. म्हणून त्यापुढे थेंब दिसला नाही. तुमच्या शोधात कसूर नव्हती, शोधण्यासारखे जमिनीवर फारसे उरलेच नव्हते.

थांबण्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पाऊस आला तर माग धुतला जाईल, आणि कायोटी (कोल्ह्यासारखे तिथले जंगली प्राणी) रात्रीत मांस खातील किंवा उबदार हवेत ते खराब होईल. दोन्ही खरे आहेत. तरीही पोटाच्या जखमेत मी थांबण्याच्याच बाजूने आहे, कारण उठवलेल्या हरणाचा माग पावसाशिवायही हरवतो, आणि न सापडलेल्या हरणाचे मांस सगळेच वाया जाते. बाण लागला त्या जागेपासून हरीण दोनशे यार्डांच्या टापूत आहे हे ठाऊक असेल, तर रक्ताशिवायही सकाळी तो टापू पावलापावलाने पालथा घालता येतो.

पुढच्या वेळी बाण सुटल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मचाणावरच बसून राहा. दुसरा बाण लावून ठेवा. हरीण थोड्या अंतरावर थांबले आणि नीट आडवे असले तर तो सोडावा. कोणत्या झाडापाशी ते शेवटचे दिसले ते लक्षात ठेवा, घड्याळ पाहा, फोनवर दिशा टिपून घ्या, आणि कान द्या. कोसळण्याचा आवाज बऱ्याचदा ऐकू येतो. अर्ध्या तासाने आवाज न करता उतरून फक्त बाण पडला त्या जागेपर्यंत जा, तिथे बाण, रक्त आणि केस पाहा. पांढरे केस बहुधा पोटाखालचे असतात. जराही शंका आली, तर हरीण गेले त्याच्या उलट दिशेने बाहेर पडा आणि सकाळी या. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक ठिकाणी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जा, मागे वळून पाहिले की जनावराची दिशा रेषेसारखी दिसते. शेवटच्या थेंबावर एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने पुढे शोधावे, नाहीतर चार माणसांच्या पायांखाली असलेला मागही पुसला जातो. मिशिगनमध्ये पट्ट्याला बांधलेला मागकाढ्या कुत्रा वापरण्यास परवानगी आहे आणि अशी कुत्री घेऊन मदतीला येणारे लोकही तिथे आहेत. त्यांना आपण सगळीकडे फिरून झाल्यावर नव्हे, आधी बोलवावे. माग शेजारच्या खासगी जमिनीत गेला, तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये.

यातले बरेच काही संध्याकाळमुळे कठीण झाले. कायद्याने मिशिगनमध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडता येतो. कायद्याची मुदत आणि नवशिक्याची मुदत एक समजू नये. त्या उजेडात पीपमधून (प्रत्यंचेवरच्या छिद्रातून) पिन दिसते पण हरीण किती तिरके आहे हे दिसत नाही, आणि शब्दवेधी बाण मारणाऱ्या दशरथाची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच ऐकवली जाते. पहिली दोन-तीन वर्षे सूर्यास्ताबरोबर धनुष्य टांगून ठेवावे.

तिसरा प्रश्न, नाद सोडावा का. तुम्ही लिहिले आहे की घरचे माळकरी आहेत आणि त्यांना हे सांगितलेले नाही. शिकार करावी की नाही, याचा निवाडा मी देणार नाही. तो तुमचा आणि घरच्यांचा आहे. एवढे मात्र सांगतो की पुन्हा जायचे ठरले, तर या हंगामात नको. परवान्यावरचा टॅग (एक हरीण मारण्याची चिठ्ठी) तुमच्याकडे शिल्लक असला, तरी ती मादी तुमच्या हातून मेली आहे असे धरून तो वापरलेला समजा. दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्यांकडून जखमी होऊन निसटलेल्या जनावराचीही पूर्ण रक्कम घेतली जाते, आणि तो दंडक मला न्याय्य वाटतो. उरलेला हंगाम धनुष्य न घेता मचाणावर बसा. हरणे कोणत्या वाटेने येतात, सकाळी वर चढणारी आणि संध्याकाळी उताराने खाली येणारी हवा तुमचा वास कुठे नेते, समोर आलेली मादी आडवी होईपर्यंत किती वेळ घेते, हे सगळे मोकळ्या हातांनी जास्त चांगले दिसते.

ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे, कारण ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाच्या बाजूला असे धाडस करण्याविषयी मला अधूनमधून विचारले जाते. वर सांगितलेले सर्व काही मिशिगनच्या परवान्याचे आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत मारण्याचा नुसता प्रयत्न किंवा सापळा लावणे हेही शिकारच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले चितळ, सांबर आणि भेकर हे पाहण्यासाठी आहेत. ज्यांना जनावराच्या कोनाचा अंदाज शिकायचा आहे, त्यांनी थ्रीडी प्रकार धरावा. फोमच्या प्राण्यांवर, अनोळखी अंतरावरून मारण्याच्या या प्रकाराच्या जागतिक स्पर्धाही होतात.

तुम्ही तिथे असे एक फोमचे हरीण घ्या, ते दर वेळी वेगळ्या कोनात उभे करा, आणि प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण पलीकडून कुठे निघेल ते मित्राला मोठ्याने सांगा. सांगता आले नाही तर धनुष्य उतरवा.